रानातल्या लग्नाचं बोलावणं

"माझ्या रानात लग्न? मुळीच नाही!" राजे खेमाजीराव गरजले.

समोर सगुणा उभी होती, पायथ्याच्या सावरघळ गावातल्या बुरुडाची मुलगी. तिच्यामागे तिचा बाप नुसता घाम पुसत होता.

"मग महाराज, एक दिवस नवऱ्याला खाली पाठवा," सगुणा म्हणाली. "नवऱ्याशिवाय लग्न मला लावता येत नाही."

तेही होणार नव्हतं. तिचा होणारा नवरा नावजी हा डोंगरावरच्या राखीव रानाचा एकटा राखणदार. तो खाली उतरला की कुऱ्हाडवाले आत शिरायचे, म्हणून राजा त्याला रजा म्हणून देत नसे. आणि लग्नाच्या नावाने तर राजाचं डोकंच फिरायचं. त्याच्या पुतणीचं लग्न त्याच रानातल्या माळावर झालं होतं. आलेल्यांनी फांद्या मोडल्या, झरा घाण केला, मोर पळवून लावले. आणि ज्यांना बोलावणं गेलं नाही, ते अजून राजवाड्यावरून तोंड फिरवून जात होते!

"बरं," राजा मिशीत हसला. "लाव वर लग्न. पण चूल पेटवायची नाही. झऱ्याला हात लावायचा नाही, ते पाणी जनावरांचं. पत्रावळीचा तुकडासुद्धा मागे राहता कामा नये. आणि पाहुणे पंचवीस, वर एक नको."

"हो महाराज."

"थांब. बोलावणं मात्र गावातल्या प्रत्येकाला गेलं पाहिजे. कुणाला 'येऊ नका' म्हणायचं नाही, कुणाशी खोटं बोलायचं नाही. एक जरी रुसलेला माणूस माझ्याकडे आला, तर लग्न मोडलं. नावजीला मी सरहद्दीच्या गडावर धाडीन, मग बस वाट बघत!"

बाप तर रस्त्यातच मटकन खाली बसला. "पोरी, अख्ख्या गावाला बोलावायचं आणि पंचवीसच यायचे? आपलं गाव बोलावणं आलं की पोटऱ्या दुखल्या तरी जेवायला जातं!"

"जेवायला जातं बाबा," सगुणा म्हणाली. "मी कामाला बोलावणार आहे."

दुसऱ्या दिवशी अक्षतांची वाटी घेऊन ती आधी पाटलांच्या ओसरीवर गेली.

"पाटीलबाबा, लग्नाला यायचं. पहिला मान तुमचा!"

पाटलांनी मिशीला पीळ दिला. "तो आमचाच असतो."

"वर पाणी नाही. तेव्हा पाण्याचा पहिला हंडा तुमच्या खांद्यावरून डोंगर चढणार."

पाटलांचा हात मिशीवरून कमरेवर गेला. "अगं, त्या दिवशी नेमकी माझी कंबर धरते."

"त्या दिवशी धरणार, हे आजच कळलं?"

"जुनं दुखणं आहे. त्याचं आधीच कळतं," पाटील म्हणाले आणि घाईघाईने आत गेले.

सावकारीणबाईंना तिने उष्ट्या पत्रावळी खाली आणण्याचा मान दिला. बाईंना लगेच कडक उपास आठवला. प्रत्येक पंगतीत वरणाला नावं ठेवणाऱ्या बाबूकाकांना वरणाचंच पातेलं उचलायचं होतं. काका म्हणाले, त्यांना अलीकडे वरण सोसत नाही. अशी सगुणा घर न् घर फिरली. एकाही घरात तिने खोटं सांगितलं नाही, खोटं जे काही होतं ते समोरूनच येत होतं. आणि ज्याने स्वतःच्या तोंडाने नाही म्हटलं, तो रुसणार कुणावर? उलट तिला पाहून लोक वाट बदलू लागले. मनापासून 'हो' म्हणून ओझं पत्करणारे निघाले चोवीस.

राहिली विठाआत्या. ही बापाची थोरली बहीण, सगळ्या पंचक्रोशीत रुसण्यात हिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या वाट्याला भाताची पाटी होती. आत्याने नुसतं नाक मुरडलं; तो होकार की रुसवा, कळेना. सगुणाला रात्री धड झोप लागली नाही.

लग्नाच्या सकाळी माळावर एकेक पाहुणा धापा टाकत पोचला. कुणाच्या खांद्यावर हंडा, कुणाच्या डोक्यावर घोंगड्यांची चवड. चोवीस झाले. आणि शेवटी डोक्यावर पाटी, तोंडात तक्रार अशी विठाआत्या आली.

"एवढ्या उंचावर कुणी लग्न करतं? गुडघे गेले माझे! पण माझ्या पोरीच्या लग्नाची पंगत भाताविना उठेल होय?"

सगुणाने तिला घट्ट मिठी मारली.

अंतरपाट धरला. भटजींनी घसा साफ केला. एवढ्यात झाडामागून आवाज आला, "थांबा!"

राजे खेमाजीराव पुढे आले. त्यांनी बोटाने माणसं मोजली. "पाहुणे पंचवीस. गावातून एकही तक्रार नाही. पण एक माणूस रुसलाय, सगुणा. तो मी! मला अक्षत आली नाही. आणि दिली असतीस, तर सव्वीस झाले असते. आता बोल!"

नावजीचा चेहरा पांढराफटक पडला. अंतरपाटामागून सगुणाचा आवाज मात्र सरळ आला.

"महाराज, अक्षत पाहुण्याला देतात. यजमानाला कोण देतं? डोंगर तुमचा, रान तुमचं, आमच्या पायाखालचं गवत तुमचं. म्हणजे लग्नघर तुमचं आणि यजमान तुम्ही. यजमान पाहुण्यांत धरत नाहीत, आणि यजमानाने रुसायचंही नसतं, त्याने इतरांचे रुसवे काढायचे असतात. खरं विचाराल तर तक्रार आमची आहे. मुहूर्त टळायला आला आणि यजमानाचा पत्ता नाही!"

मग राजा हसला, पोट धरधरून हसला. "अरे, हिने तर मला माझ्याच रानात कामाला लावलं!"

अंतरपाटाचं एक टोक राजाने स्वतः धरलं. यजमानाचा आहेर म्हणून सगुणाला भरजरी शालू आणि रानाच्या कडेला घर दिलं. नावजीच्या जोडीला दुसरा राखणदार दिला, म्हणजे त्याला सणावाराला सासुरवाडी गाठता येईल.

मग पंगत बसली. राजाने शेला कमरेला खोचला, भाताची पाटी उचलली आणि पहिली मूद वाढायला विठाआत्यापुढे वाकला.

"यजमान," आत्या नाक मुरडत म्हणाली, "भात गार झालाय."