करवती लाट

एका नादगुरूंकडे एकदा त्यांची शिष्या रडवेली होऊन आली. गुरुजी वृद्ध, पण संगणकावरच्या सिंथेसायझरवर हात असा बसलेला की तरुणांनी तोंडात बोटं घालावीत. शिष्या कौमुदी त्यांच्याकडे नाटकांसाठी नाद घडवायला शिकत होती.

"गुरुजी, दिग्दर्शकांनी दुसऱ्यांदा परत पाठवलं. मुलगा गमावलेल्या आईचा टाहो हवाय, आणि माझं म्हणे गुळमट होतंय. उद्या सकाळी जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल. मग मी हे शिकणंच सोडणार."

गुरुजींनी तिचा नाद ऐकला. नाद जिथे जन्मतो त्या दोन्ही ऑसिलेटरांत तिने सर्वांत गुळगुळीत लाट निवडली होती. नाद गोड होता, निर्मळ होता.

"आता फिल्टर, म्हणजे आपली गाळणी, हळूहळू बंद कर."

तिने केली. नाद नुसता लहान होत गेला, बदलला मात्र नाही.

तेव्हा गुरुजींनी काय करावं? तिचा आठवडाभराचा खटाटोप एका झटक्यात पुसून टाकला! दोन्हीकडे करवतीच्या दात्यांसारखी लाट लावली, त्यांतल्या एकीचा स्वर केसभर उतरवला आणि पट्टी दाबली. कौमुदीने कानांवर हात ठेवले.

"शी! ही तर मी पहिल्याच दिवशी टाकून दिली होती."

"का गं?"

तिने कानांवरचे हात खाली घेतले. "माझा आवाज असाच आहे ना, घोगरा. शाळेत सगळे हसले, तेव्हापासून गाणं सोडलं. खरखर ऐकली की लाज वाटते मला."

गुरुजी म्हणाले, "वेडे, तुझ्या गोड लाटेत एकच स्वर आहे. गाळणी त्यातून काढणार काय, कपाळ? या करवतीत मूळ स्वरासोबत वरचे सारे स्वर दाटीने बसलेत, म्हणून ती बोचते. पण कोरायला द्रव्यही तिच्यातच आहे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? खरखर टाकू नकोस. तिला आकार द्यायला शीक."

कौमुदीने स्वतः गाळणी बंद केली, आणि स्वर चढवत ती हळूहळू उघडत नेली. दाबून धरलेला गळा फुटावा तसा नाद बाहेर आला. तिच्या अंगावर काटा उभा राहिला.

सकाळी दिग्दर्शकांनी तो दोनदा ऐकला. "हाच टाहो!" ते म्हणाले. मग सहायकाकडे वळून कुरकुरले, "आता मागच्या कोरसमध्ये एक बाई कमी पडतेय, तिचं काय करायचं?"

कौमुदी निघाली होती. दारातच थांबली, घसा खाकरला आणि म्हणाली, "मी गाऊ?"

आवाज घोगराच निघाला. कोणी हसलं नाही.