भवानीचा पेला

पूर्वी सुवर्णपूर नगरात राजा धनंजय राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका ताकवाल्याच्या घरी जन्माला आले. राजवाड्यात पाळणा रिकामा होता, पण यांनी निवडली रवी. लोक त्यांना घुसळ्या म्हणत. तुम्हीही म्हणा, ते रागावत नसत.

आठवडी बाजारात त्यांच्या मातीच्या माठांशेजारी निपुणाक्का मठ्ठा विकायला बसे. तिचा तांब्याचा हंडा बाहेरून असा लखलखीत, की बाया त्यात बघून कुंकू नीट करत. आतली कल्हई केव्हाच उडाली होती. पण आत बघतो कोण?

त्या बाजाराची एक रीत होती. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाल्याशिवाय विकणाऱ्यानं आपल्या मालाला तोंड लावायचं नाही. लावलं तर गिऱ्हाईक फिरकत नाही. भवानी झाली की गर्दी उसळे, मग चाखायला सवड कुणाला? असे हे शहाणे जन्मभर लोकांना खाऊ घालत आणि स्वतःपुरती भाकरी घरून बांधून आणत.

जत्रेचा दिवस उजाडला. डोंगरावरच्या यक्षाचं दर्शन घेऊन माणसं उतरू लागली. ऊन चढलं, ढोल जवळ येऊ लागला. बोधिसत्त्वांनी सहज शेजारच्या हंड्यात डोकावलं. मठ्ठ्याच्या कडेनं हिरवट रेघ धरली होती. त्यांना बसवेना. उठत, बसत, पुन्हा उठत.

"अक्का, मठ्ठा कळकलाय. तांबं उतरलंय त्यात. ओतून दे."

"तुझ्याच पोटात कळ आली वाटतं!" निपुणाक्का कडाडली. "स्वतःचं ताक खपेना, म्हणून माझ्या हंड्यावर डोळा!"

"घुसळ्या, हिरवी ती कोथिंबीर रे," पलीकडून भजीवाला तिलक म्हणाला. सगळी रांग फिदीफिदी हसली.

गप्प बसलं असतं तर आज जत्रा आडवी झाली असती आणि पुढच्या बाजारापासून सगळं गिऱ्हाईक बोधिसत्त्वांचं. तुम्हीआम्ही बसलो असतो. पण ढोल ओढ्यापर्यंत आला होता. पुढे बाया, कडेवर पोरं, सगळ्यांचे घसे कोरडे.

बोधिसत्त्वांनी पेला पुढे केला. "अक्का, भवानी माझ्याकडून घे."

भवानीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही. तिनं पेला काठोकाठ भरला. त्यांनी तो घटाघटा रिकामा केला. थोड्याच वेळात ते पोट धरून खाली बसले आणि भर बाजारात, तिलकच्या भज्यांच्या परातीपुढे, भडाभडा ओकले.

"नाटकी मेला!" निपुणाक्का म्हणाली, पण वाकून हंड्यात बघू लागली.

"असेल नाटक," तोंड पुसत बोधिसत्त्व म्हणाले. "पण आता भवानी झाली, अक्का. आता तुला चाखायला कसली आडकाठी?"

तेवढ्यात जत्रेतली पहिली बाई येऊन ठेपली. "अहो बाई, घाला की लवकर. लेकरू कासावीस झालंय."

निपुणाक्काचा हात पळीकडे गेला, मागे आला, पुन्हा गेला. शेवटी तिनं दोन थेंब तळव्यावर घेतले, जिभेला लावले आणि थू करून थुंकली.

"अगं आई गं! हे पाजणार होते मी त्या लेकराला?"

हंडा तिनं लाथेनं उलटा केला. मठ्ठा धुळीत वाहून गेला. बोधिसत्त्वांनी आपला एक माठ तिच्यापुढे सरकवला.

"हा वाट. आधी चाख."

"आंबटढाण आहे रे मेल्या!"

"आंबट आहे. कळकलेलं नाही."

ती हसली आणि भराभरा पेले भरू लागली. इकडे तिलकनं कुणी बघत नाही असं पाहून स्वतःचं एक भजं तोंडात टाकलं. मग कढईतलं तेल गुपचूप मागच्या खड्ड्यात ओतलं.

इतकं सांगून शास्ते, म्हणजे बुद्ध, समोरच्या सभेला म्हणाले, "तेव्हाची निपुणाक्का ही समोर बसलेली उपासिका निंबा. तिलक हा मागच्या रांगेत खुदुखुदु हसणारा भिक्षू. आणि बाजारात ओकला, तो मी."

परक्याच्या पोटात जाणारा घोट आधी आपल्या पोटात घालून पाहणं, याला मैत्री म्हणतात.