पायरीवरचा भुऱ्या

संग्रहालयात कुत्र्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. पाहुण्यांना त्रास नको म्हणून अध्यक्ष दाभोळेसाहेबांनी आवारातली भटकी कुत्री गाडीत घालून हलवली. चित्रकार शालनताई पायरीवरच्या ज्या म्हाताऱ्या भुऱ्याला रोज भरवायच्या, तोही गेला. त्यांनी गाव पालथं घातलं, पण तो सापडला नाही.

उद्घाटनाला साहेब शालनताईंच्या चित्रापुढे थबकले. चित्रात नुसती पायरी होती.

“बाई, यात कुत्रा कुठंय?” ते सगळ्यांदेखत हसले.

“होता की, साहेब. तुम्ही पायरीवरून उचललात, म्हणून मी चित्रातूनही पुसला. कुठं सोडलात ते सांगा, दोन्हीकडे परत आणून बसवते.”

साहेबांची मान खाली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्या, तरी शालनताई हात जोडून विचारतच होत्या, “सांगा ना साहेब, कुठं सोडलात?”