दिवेकऱ्याचे घर

एका खाडीकाठच्या बंदरगावात विसाजी नावाचा एक दिवेकरी नव्याने नेमला गेला. खाडीच्या मुखाशी काळ्या खडकांची रांग होती आणि गावाच्या समोरच्या तीरावर, अगदी टोकाला, एक दगडी बुरूज होता. रोज दिवेलागणीला त्या बुरजावर उंडीच्या तेलाचा मोठा दिवा लावणे, हे त्याचे काम. दिवा दिसला की समुद्रावरून परतणारे मचवे खडक टाळून सुखरूप आत येत. न दिसला, तर खडक कोणाची ओळख धरीत नसत.

बुरजापाशी राहण्याजोगा आडोसाही नव्हता. म्हणून विसाजी आणि त्याची पत्नी सगुणा भाड्याचे घर शोधू लागली.

गावातला मोठा व्यापारी हरबाशेट. बाजारपेठेत त्याचे एक माडीचे घर रिकामे होते. अंगणात गोड्या पाण्याची विहीर, मागे माडांची सावली, पुढे ऐसपैस ओटी. शेटने स्वतः दार उघडून दाखविले.

"दिवेकरी, इथे राहा. सांजेला माझी होडी तुम्हाला पलीकडे सोडील. होडी नको असेल त्या दिवशी पायी जा. ती पाहा वाट!"

ती चैत्री पौर्णिमेची सांज होती. ओहोटीने खाडी रिती केली होती. बायका चिखलात शिंपल्या वेचीत होत्या. बुरूज जणू अंगणातच उभा होता.

दुसरे घर पलीकडच्या तीरावर, डोंगराच्या कुशीत होते. एक खोली, एक पडवी. पाणी खालच्या झऱ्यावरून आणायचे. बाजाराला जायचे तर खाडी ओलांडायची. मात्र मागच्या दारातून निघालेली पायवाट खिंडीतून थेट बुरजाकडे जात होती. वाट चढणीची आणि खडकाळ होती, पण तिच्यात पाणी कोठेच आडवे येत नव्हते. घराची मालकीण भागीरथीकाकू. तिने भाडे सांगितले, तेही शेटच्या माडीइतकेच.

"काकू, एवढ्याशा घराला एवढं भाडं?" सगुणेने विचारले.

"घर लहान आहे गं, माझं पोट लहान नाही," काकू म्हणाली.

सगुणेचे मन विहिरीपाशी घुटमळत होते. विसाजीचेही ओटीवर रमले होते. तो काही दगडाचा नव्हता. निर्णय करण्यापूर्वी तो बाळकृष्णाच्या देवळात गेला. देवाला नमस्कार करून त्याने गुरवाला विचारले, "गुरवबाबा, या खाडीत होडी चालत नाही असा दिवस कोणता?"

गुरव अभिमानाने म्हणाला, "गोकुळाष्टमी. त्या दिवशी सकाळीच गावातली सगळी वल्ही देवापुढे उभी करतात. जन्म होईपर्यंत वल्ह्याला कोणी शिवत नाही. वाडवडिलांची रीत आहे."

"आणि अष्टमीला दिवेलागणीच्या वेळी खाडी कशी असते?"

"भरती असते. पुरुषभर पाणी. तुम्ही घाटावरचे दिसता."

"मग त्या सांजेला दिवा कोण लावतो?"

"कोणी नाही. सणाला सगळे मचवे घरी आलेले असतात. समुद्रावर कोणी नसतंच, म्हणून दिवाही विसावा घेतो."

विसाजीने देवाकडे पाहिले. मग म्हणाला, "समुद्रावर कोणी नाही, हे किनाऱ्यावरून कसं कळतं?"

गुरवाने फडके उचलले. तो घंटा पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी विसाजीने काकूला होकार कळविला. शेटला ते लागले. "एका दिवसासाठी वर्षाचं सुख सोडता? त्या दिवशी दुपारीच पलीकडे जाऊन बसा, म्हणजे झालं."

"शेट, सणाच्या दिवशी भरल्या घरातून दुपारी कोणी उठत नाही. माझ्या आधीचे दिवेकरीही उठले नाहीत. मी त्यांच्याहून मोठा नाही. म्हणून मी मोहच दूर ठेवतो."

गाव हसले. "भाडं माडीचं आणि बिऱ्हाड खोपटात!" बाजारात सगुणा दिसली की बायका विचारीत, "काय गं, झऱ्याच्या पाण्याने रंग उजळला का?" सगुणा सांगे, "उजळला की. शिवाय घर एवढंसं, झाडायलाही वेळ लागत नाही." पण कळशी घेऊन चढण चढताना ती कधी कधी थांबे आणि पलीकडची माडी पाही. विसाजीला ते दिसे. तो तिच्या हातातली कळशी घेई.

श्रावण आला. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मचवे मोसमाच्या पहिल्या फेरीला निघाले. अष्टमीच्या आदल्या दिवशी ते परतले. फक्त हरबाशेटचा मचवा आला नाही. त्यावर शेटचा एकुलता एक मुलगा मुरारी होता. "वारा पाहून कुठल्या तरी बंदरात थांबला असेल," लोक म्हणाले आणि हंडीच्या तयारीला लागले.

अष्टमीच्या दुपारी आभाळ खाली आले. सांजेच्या सुमारास वारा सुटला. पलीकडून टाळमृदंगाचा आवाज येत होता. सगुणेने बाळकृष्णाचा पाळणा फुलांनी सजविला होता. दोघांचाही उपवास होता.

"आज गावात कोणी दिव्याची वाट पाहत नाही," ती म्हणाली.

"नेमणूक रोजची आहे. तिच्यात अष्टमी वगळलेली नाही."

सगुणा चुलीपाशी गेली. तिने मडक्यात निखारे भरून वर राख पसरली, कोरड्या वातींची पुरचुंडी त्याच्या कनवटीला खोचली आणि घोंगडी डोक्यावर दिली. "आरतीला या," एवढेच म्हणाली.

खिंडीत एक आईनाचे झाड उन्मळून वाटेवर आडवे पडले होते. विसाजी चिखलात आडवा झाला आणि मडके पोटाशी धरून त्याच्या खालून सरपटत गेला. गुडघे फुटले. निखारे मात्र शाबूत राहिले. बुरजावर पोचला तेव्हा उजेड विझत आला होता. त्याने खाली पाहिले. फाटक्या शिडाचा एक मचवा सरळ खडकांवर येत होता.

पलीकडच्या काठावर माणसे धावत होती. शेट पाण्याच्या कडेला उभा राहून हात हलवीत होता. पण त्याचे हात समुद्रावरून कोणाला दिसणार? देवळातून वल्ही काढून आणली असती, तरी त्या भरतीच्या लाटांत होडी टिकली नसती. चालायची वाट तर पाण्याखाली होती. गावाजवळ सर्व काही होते. बुरजाकडे जाण्याची वाट तेवढी नव्हती.

विसाजीने घोंगडीचा आडोसा केला. पहिली वात विझली. दुसरीही विझली. "देवा, तुझ्या जन्माच्या दिवशी कोणाचं मूल नेऊ नकोस," असे म्हणून त्याने तिसरी वात निखाऱ्याला लावली व फुंकर घातली.

ज्योत धरली. तेल पेटले. बुरूज उजळला.

मचव्याचे तोंड हळूहळू वळले. खडकाला घासून जावा इतक्या जवळून तो गेला आणि सुखरूप खाडीत शिरला. पलीकडच्या काठावर एकच जयघोष उठला. गुरवाने देवळाच्या पायरीवरून शंख फुंकला. गावात देव जन्मण्यापूर्वीच जन्मोत्सव सुरू झाला. बुरजावर एकटा उभा असलेला विसाजी चिखलाने माखलेले हात जोडून हसत होता आणि रडत होता.

सकाळी हरबाशेट मुरारीला घेऊन डोंगराकडच्या घरी आला. त्याच्या हातात सुंठवड्याचा द्रोण होता. पडवीत बसायला जागा पुरेना, तेव्हा तो उंबऱ्यावरच बसला.

"दिवेकरी, मी तुम्हाला माझ्या घरात ठेवीत होतो. तुम्ही आला असता, तर आज माझंच घर रिकामं झालं असतं. आता ती माडी तुमची. भाडं नको."

विसाजीने प्रसाद कपाळाला लावला. "शेट, माडी चांगलीच आहे. पण दिवा उद्याही लावायचा आहे."

शेट खाली मान घालून उठला. त्याच दिवशी तो गावातले गडी घेऊन खिंडीत गेला. आईनाचे झाड बाजूला केले आणि पुढच्या काही आठवड्यांत बुरजापर्यंत दगडी पायऱ्या बांधून दिल्या. काम पाहायला भागीरथीकाकूही आली. "वाट सुधारली," ती म्हणाली, "आता भाडं वाढवावं की काय?" त्यावर सर्वांत मोठ्याने शेटच हसला.

तेव्हापासून त्या गावात अष्टमीला वल्ही देवापुढे विसावतात. दिवा विसावत नाही.

तात्पर्य: निवारा सुखासाठी नव्हे, कर्तव्यासाठी निवडावा, आणि त्याची वाट सोयीच्या दिवशी नव्हे, वर्षातल्या सर्वांत कठीण दिवसाच्या कसोटीवर पारखावी.