एकदाच लावा की

चेअरमन उदाजीराव तबल्याचे शौकीन आणि तोंडाचे फटकळ. नव्या गाडीचे शॉकअब्सॉर्बर बटण फिरवून मऊ-कडक होत. त्यांनी दस्तगीर मिस्त्रींना दरडावलं, "खड्ड्यांत मऊ पाहिजे, घाटात घट्ट. पण एकदाच लाव. सारखं पिळत बसणार नाही. नाहीतर गॅरेजला टाळं ठोकीन."

ड्रायव्हर तुळाजी दोन पावलं मागं सरकला.

मिस्त्रींनी मागच्या सीटवरची तबला सुरात लावायची हातोडी शांतपणे उचलली. "साहेब, ही इथंच ठेवून जा."

"आणि मैफलीत सूर उतरला तर?"

"एकदाच लावा की."

चेअरमननी मिस्त्रींच्या हातून हातोडी घेतली आणि गाडीत जाऊन बसले. तुळाजी मिस्त्रींकडे बघतच राहिला.

घाटाच्या पायथ्याशी चेअरमननी गाडी थांबवायला लावली, खाली उतरले, आणि सूर जुळवावा तसं कान देऊन स्वतःच चाकाजवळचं शॉकअब्सॉर्बरचं बटण फिरवलं.