कोंडाईनं मागून घेतलेला ताप

फार वर्षांपूर्वी, डोंगराखालची पाणथळ अजून बुजवलेली नव्हती, तेव्हा पाणसरे गावात दर भाद्रपदात हिवताप यायचा आणि चार-दोन माणसं घेऊन जायचा. औषध द्यायला एकटी कोंडाई वैदीण. पण तिची रीत भलतीच. एका घरी गुळवेल, दुसऱ्या घरी काडेचिराईत, तिसऱ्या घरी सातविणीची साल. कुणाचा ताप कशानं उतरतो ते बघत ती दारोदार फिरायची. आणि वैदानं कोणतं औषध का दिलं ते विचारू नये, असा गावचा नेम.

गावातल्या हैबतीचा मुलगा तिचा काढा प्यायला आणि दगावला, आणि शेजारचा पोरगा दुसऱ्या मडक्यातला पिऊन उठून बसला. कुणाला जगवायचं ते ही म्हातारीच ठरवते, हे हैबतीच्या डोक्यात पक्कं बसलं. आता त्याची लेक गोदी तापानं फणफणली, तेव्हा वाटी घेऊन आलेल्या कोंडाईला त्यानं उंबऱ्यातच अडवलं.

"आधी तू पी."

"मला ताप न्हाई, लेका. नुसतं तोंड कडू करून तुला काय कळंल?"

"मग पोरीला बी न्हाई."

कोंडाई तडक पाणथळीच्या काठी जाऊन बसली आणि ताप अंगात भरेपर्यंत हलली नाही, असं म्हणतात. मग तिनं हैबतीलाच बोलावलं. "तूच आण, तूच उकळ, तूच पाज. नदर ठेव माज्यावर."

हैबतीनं गुळवेल पाजली. ताप पुन्हा उलटला. काडेचिराईत पाजलं, तरी उलटला. म्हातारीच्या हुडहुडीनं गावभरची भांडी फळीवर वाजायची, असं म्हणतात. घरी गोदी वाळत चालली होती, तरी हैबतीचा संशय हटेना. शेवटी सातविणीची साल पाजली, आणि भांडी गप्प झाली. त्यावरही तापाची आणखी एक पाळी टळेपर्यंत तो वाट बघत राहिला. मग वाटी घेऊन घराकडे धावला.

गोदी वाचली. कोंडाईचाही ताप गेला, पण तिच्यात काही उरलं नव्हतं. हैबती तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला.

"रडू नगंस," ती म्हणाली. "कंचं औषध खरं, ते आजवर कुनी ईचारलंच न्हाई, म्हनून मी चाचपडत व्हते. तुझा ल्योक त्यातच गेला."

पाणसऱ्यात अजून भाद्रपदात कोंडाईच्या नावानं चूल पेटते. गावातला सगळ्यात संशयी माणूस मानानं बोलावतात, आणि सातविणीची साल त्याच्याच हातानं उकळतात. ज्या वर्षी कुणीच शंका काढत नाही, त्या वर्षी काढा कुणी ओठाला लावत नाही.