भिवाजी साखळी ओढतो

घाटपिंपरीच्या अलीकडे, तीन स्टेशनं सोडून एक गाव आहे. तिथे भिवाजी नावाचा भोळा गृहस्थ राहायचा. खाटा विणायचा. सांगितलेलं तंतोतंत करायचा, आणि तिथेच सगळा घोळ व्हायचा.

त्याच्या मुलीला, मंजुळेला, यादवरावांच्या मुलाने पसंत केलं होतं. मंजुळेलाही मुलगा आवडला होता. राहिला होता फक्त यादवरावांचा होकार. ते रेल्वेतले निवृत्त गार्ड. मुलीचा बाप एकदा नीट बघावा म्हणून त्यांनी भिवाजीला घाटपिंपरीला बोलावलं.

घाटपिंपरीचं स्टेशन इंग्रजांच्या काळातलं, दगडी. तिथल्या जुन्या वेटिंग रूममध्ये आता एक बार होता. आत रेल्वेच्या डब्यासारखे बाक, पिवळे मंद दिवे, आणि वेटरांच्या अंगात टीसीचा काळा कोट.

निघताना बायकोने बजावलं होतं, विचारतील त्याचं खरं खरं उत्तर द्या.

वेटरने विचारलं, "काका, दौंड की मनमाड?"

"दोन्ही नको," भिवाजी म्हणाला. "मला पाच पन्नासच्या गाडीने घरी जायचंय." आणि त्याने परतीचं तिकीट काढून दाखवलं.

यादवरावांनी समजावलं की इथे पेयांना स्टेशनांची नावं आहेत. मनमाड म्हणजे कोकम सरबत. दौंड म्हणजे तेच, पण दारू घातलेलं. इथलं सगळं नाटक आहे, काही खरं धरू नका.

भिवाजीने मान डोलावली. यादवरावांनी स्वतःसाठी मनमाड मागवलं, बिनसाखरेचं; त्यांना साखर चालत नव्हती. मग तळलेले बोंबील आले. भिवाजी नुसता बघत बसला. बोंबील गार झाले. यादवरावांनी विचारलं तेव्हा म्हणाला, नाटकातलं कसं खायचं?

यादवरावांनी श्वास सोडला. म्हणाले, असं करू नये, समोर आलं की घ्यावं.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या एका साहेबांनी कोट काढला आणि खुंटीला लावायला म्हणून वेटरपुढे धरला. मध्ये भिवाजी बसला होता. त्याने कोट घेतला आणि घातला. उकडत होतं, पण समोर आलं होतं.

साहेबांची समजूत घालून, कोट परत करून यादवराव खाली बसले. त्यांनी बाकावर लोंबणाऱ्या लाल साखळीकडे बोट दाखवलं. "हे बघा. आपल्या हातांनी आता काही घेऊ नका. काही लागलं तर ही साखळी ओढा. माणूस येतो, त्याला सांगा."

भिवाजीने लगेच ओढून बघितली. घंटा वाजली, वेटर धावत आला. भिवाजीने पाणी मागितलं, पाणी आलं. त्याला फार बरं वाटलं.

पाच पन्नासची वेळ झाली. यादवरावांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांना पुढे बहिणीकडे जायचं होतं, म्हणून दोघं एकाच गाडीत बसले. आपलं काहीतरी चुकलंय एवढं भिवाजीला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. घरी मंजुळा वाट बघत असेल, हे मात्र कळत होतं.

यादवरावांना डुलकी लागली. झोपेत ते दोनदा खोकले. घसा कोरडा पडला असावा. भिवाजीला वाईट वाटलं. त्याने इकडे तिकडे बघितलं. वर लाल साखळी होती.

त्याने ओढली.

गाडी करकरत थांबली. डब्याडब्यातून डोकी बाहेर आली. गार्ड धापा टाकत आला. तो यादवरावांच्याच हाताखाली तयार झालेला होता.

"साखळी कोणी ओढली?"

"मी," भिवाजी म्हणाला. "लवकर आलात. एक चहा आणा. बिनसाखरेचा. यांना साखर चालत नाही."

गार्डने यादवरावांना ओळखलं. बघतच राहिला. "साहेब, तुमच्या तीस वर्षांत एक गाडी लेट झाली नाही. हे कोण तुमचे?"

यादवरावांनी भिवाजीकडे बघितलं. तो हात जोडून, कपाची वाट बघत उभा होता.

"व्याही," यादवराव म्हणाले.

भिवाजी गार्डकडे वळला. "मग दोन आणा."